रोज तारीख विचारणारा कॉम्प्युटर

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कानाला हेडफोन लावून कुठल्याशा शहरातल्या एका बाईंना त्यांचा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगत होते. नागपूरच्या आमच्या ऑफिसात माझं कामच ते आहे. कुणाचं यंत्र अडलं की फोन आमच्याकडे येतो आणि आम्ही पडद्यावर दिसणारे प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारत जातो. मोबाइल टेबलावर उलटा ठेवलेला होता, तो थरथरत थरथरत कडेपर्यंत गेला. मी उचलला नाही, कामाच्या वेळेत उचलायचा नाही असा नियम आहे. बाईंचा कॉम्प्युटर सुरू झाला, त्यांनी आभार मानले, मी ठरलेलं शेवटचं वाक्य बोलले आणि मग मोबाइल सरळ केला तर प्रदीपदादाचे पाच फोन येऊन गेलेले. प्रदीपदादा माझ्या मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, आंधळगावला आमच्या शेजारच्याच घरात राहतो. मी फोन लावला तर त्याने आधी मी कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाला, "गुड्डी, तू निघ. काका... तू निघ फक्त."

त्याला आता सात आठवडे झाले. सकाळी अंगणात दात घासता घासता बाबा खाली बसले आणि उठले नाहीत, एवढंच झालं. माझा त्यांच्याशी नीट असा शेवटचा फोन त्याच्या अकरा दिवस आधी झाला होता. त्या फोनबद्दलच मला लिहायचं आहे, पण त्याआधी कॉम्प्युटरबद्दल लिहावं लागेल, कारण आमच्या दोघांचं जे काही बोलणं होतं ते त्याच्यावरून होतं.

बाबा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. धान सोलण्याची, पॉलिशची, चाळण्यांची यंत्रं बिघडली की पाहायचं काम त्यांचं. मी लहानपणी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर मिलमध्ये गेले होते. तिथे इतका आवाज असतो की माणसं हातवारे करून बोलतात, आणि त्या आवाजात बाबा एका यंत्रावर तळहात ठेवून, डोळे बारीक करून उभे राहायचे आणि सांगायचे, "पट्टा घसरून रायला," किंवा "बेरिंग चाललं याचं." खोलून पाहिलं की तेच निघायचं. या कामाने त्यांच्या कानाचं मात्र नुकसान केलं. ते घरात, रस्त्यात, बसमध्ये, सगळीकडे मोठ्याने बोलायचे. मला त्यांनी तुमसरच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. पाचवीत असताना पालकांच्या सभेला ते मिलमधूनच आले, केसांवर धानाचा कोंडा तसाच, आणि भरल्या वर्गात माझ्या मॅडमना म्हणाले, "म्याडम, माई पोरगी घरी लय बोलते. इथंच काहून नाई बोलत जी?" मागच्या बाकांवर हसू फुटलं. मॅडमही हसल्या, वाईट नव्हत्या त्या. त्यानंतर मी घरीही कमी बोलायला लागले, आणि जे बोलायचे ते पुस्तकातल्या मराठीत. मले-तुले सोडून दिलं. बाबांना ते कळलं असणारच. ज्याला बेरिंगचा आवाज बदललेला कळतो त्याला मुलीचा कळला नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी कधी विचारलं नाही, आणि पुन्हा सभेला आले तेव्हा केस धुऊन आले आणि काही बोलले नाहीत.

मी सहावीत असताना मिलच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि जुना, चालत नाही म्हणून, कोपऱ्यात पडला. बाबांनी शेठजींना विचारून तो धानाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळला, सायकलच्या कॅरियरला बांधला आणि तुमसरहून घरी आणला. पोतं सोडलं तेव्हा आईने लांबूनच विचारलं, "हे काय आनलं? टीव्ही होय का?"

"कॉम्प्युटर होय. गुड्डीसाठी. मेला म्हनतात, पन पायतो मी."

त्याची बाजूची पत्र्याची झडप काढली तर आतून ओंजळभर कोंडा निघाला. मिलच्या हवेत जो बारीक कोंडा उडत असतो तो वर्षानुवर्षं पंख्याने आत ओढून घेतलेला. आई म्हणाली, "ठेवा बाजूले, कोंबड्यायले होईन." बाबांनी जुन्या दाढीच्या ब्रशने सगळं साफ केलं, वायरी लावल्या, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि डब्याच्या आतून एक लांब शिट्टीसारखा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला... मला वाटलं संपलं. बाबांचा चेहरा मात्र उजळला होता. "वाजते म्हनजे जित्ता हाय," ते म्हणाले. "मशीन चूप रायली तं समजाव का गेली. वाजून रायली तं ते काईतरी सांगून रायली."

काय सांगते ते मात्र त्यांना कळत नव्हतं, आणि तिथे माझी गरज पडली. मिलच्या कपाटातून त्यांनी त्या कॉम्प्युटरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शोधून आणलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर डबा आडवा ठेवलेला, एका बाजूला बाबा मांडी घालून, दुसऱ्या बाजूला मी पुस्तक घेऊन. मी वाचायचे, मराठीत सांगायचे. थांबून थांबून लांब आवाज येत असेल तर मेमरीचा दोष. मी पुस्तकी मराठीत "स्मरणशक्ती" असं सांगितलं तर बाबा गंभीरपणे म्हणाले, "म्हनजे म्हतारा झाला हा." मग आम्ही ती मेमरीची, म्हणजे रॅमची पट्टी शोधली. तिच्या कडेच्या सोनेरी दातांवर काळा थर बसला होता. पुस्तकात लिहिलं होतं खोडरबरने हलक्या हाताने घासा. माझ्या कंपासपेटीतला गुलाबी खोडरबर बाबांनी मागून घेतला आणि ते दात चमकेपर्यंत घासले. पट्टी खाचेत बसवताना दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर द्यावा लागतो, मग दोन्ही टोकांचे चाप लागतात. "दोन टक आयकू आले पायजे," बाबा म्हणाले. "एक आला तं नाई बसली." टक. टक. बटण दाबलं. एकच आवाज आला, छोटा, चिमणीने चोच मारावी इतका, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"बोलला!" बाबा इतक्या जोरात ओरडले की प्रदीपदादा कुंपणावरून पाहायला आला.

त्या पुस्तकातला तक्ता मी वहीच्या कागदावर मराठीत लिहून काढला. लांब-लांब-लांब : रॅम. एक लांब, दोन छोटे : पडद्याचं कार्ड. एक छोटा : सगळं ठीक. बाबांनी तो भाताची शितं चोळून डब्याच्या वरच भिंतीवर चिकटवला. त्याचे कोपरे झुरळांनी खाल्ले, पण तो अजून आहे.

आमचा कॉम्प्युटर वर्षातून दोन-तीनदा तरी वाजायचा. शाळेतून आले की बाबा दारातच सांगायचे, "आज एक लांब, दोन छोटे," जसं कुणी सांगेल आज पाहुणे आलेत. आम्ही वर्तमानपत्र पसरायचो. इतर मुलींचे वडील त्यांच्याशी काय बोलत असत मला माहीत नाही, मी कुणाच्या घरी फारशी गेले नाही. आम्ही तेवढा वेळ बोलायचो. "हे धर." "इकडे उजेड दाखवा." "वाच पुडचं." एका पावसाळ्यात दमट हवेने तो सारखाच बंद पडायला लागला, तेव्हा बाबांनी स्वतःच्या डोक्याने उपाय केला. मिठाच्या बरणीत ओल धरू नये म्हणून आई तांदळाचे दाणे टाकते, ते पाहून त्यांनी एका फडक्यात मूठभर तांदूळ बांधून ती पुरचुंडी डब्याच्या आत ठेवून दिली. आठवडाभर मशीन उत्तम चाललं. मग उंदीर आला. त्याने पुरचुंडी फोडली, एक वायर कुरतडली, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर दाणे पंख्यात शिरून असा खडखडाट सुरू झाला की आई चुलीपुढून हसत हसत बाहेर आली. "घरातच मिल टाकली का जी?" बाबाही हसले, मीही हसले. त्या घरात आम्ही तिघं एकाच वेळी हसलो असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील, हा त्यातला एक.

पुढे मी कॉलेजसाठी नागपूरला आले, तिथेच नोकरीला लागले. माझ्याकडे लॅपटॉप आला. तो जुना डबा बाबांचाच होऊन गेला. त्यावर ते काही फार करत नसत. पत्त्यांचा खेळ लावायचे, एका बोटाने गावच्या बुद्धविहारातल्या कार्यक्रमांच्या सूचना टाइप करायचे. फोनवर आमचं बोलणं ठरलेलं. "जेवली का?" "हो." "बरं." मग दोघंही गप्प, आणि त्या गप्प बसण्याचा दोघांनाही त्रास. मग मीच विचारायचे, "कॉम्प्युटर कसा आहे?" की त्यांचा आवाज बदलायचा. "थांब, आयकवतो." ते फोन डब्याला लावून बटण दाबायचे. एक छोटा आवाज. "आयकला?" "ऐकला." म्हणजे घरी सगळं ठीक.

मिलमधून निवृत्त झाल्यावर त्यांना एक नवीन सवय लागली. त्या कॉम्प्युटरच्या आत एक बटणाएवढी बॅटरी असते, घड्याळ चालू ठेवणारी. ती संपली. आमच्याकडे व्होल्टेजचा भरवसा नसल्यामुळे बाबा रोज संध्याकाळी प्लग काढून ठेवायचे, त्यामुळे रोज सकाळी मशीन सगळं विसरून जायचं आणि थेट आपल्या जन्माच्या वर्षात जाऊन उभं राहायचं. तारीख भरा, असं पडद्यावर यायचं. आधी दोनदा बाबांनीच ती बॅटरी बदलली होती, पाच मिनिटांचं काम. या वेळी बदलली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मिल सुटल्यापासून वार समजत नाई वं. हा रोज इचारते तं पायाव लागते, आज कोनता दिस होय." सकाळी चहा झाला की ते कॅलेंडरपाशी जायचे, तारीख मोठ्याने वाचायचे आणि येऊन मशीनला सांगायचे.

आता तो फोन. दुपार होती, मी कामावर होते. दोन कॉलच्या मध्ये आम्हाला थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात त्यांचा फोन आला म्हणून मी नियम मोडून उचलला. "गुड्डी, हा वाजून रायला वं. आयक." त्यांनी फोन डब्याला लावला. लांब... लांब... लांब. मी पाणी पीत होते. बाटलीचं झाकण लावता लावता म्हटलं, "रॅम आहे बाबा. काढून पुसा आणि परत बसवा. तुम्हाला येतं ना ते."

थोडा वेळ नुसतं मशीनच ऐकू येत राहिलं. मग बाबा म्हणाले, "हो... येते ना." आणि विचारलं, "तू कवा येशीन?"

"बघते. सुट्टी नाहीये आत्ता."

"बरं बरं. कर काम तुयं."

माझ्या पडद्यावर पुढचा कॉल आला होता. आमच्या कामात उत्तर बरोबर असलं की ती तक्रार मिटली असं धरतात. माझं उत्तर बरोबर होतं. त्यानंतरच्या अकरा दिवसांत मी आईला दोनदा फोन केला, बाबा मागून "जेवली का विचार" म्हणाले तेही ऐकलं, पण कॉम्प्युटरचं मी विचारलं नाही. झाला असेल सुरू, असं धरून चालले. न झालेल्या गोष्टी झाल्या असं धरून चालायची मला सवय आहे.

बाबांचा जलदान विधी झाला, पाहुणे परतले, अंगणातल्या सतरंज्या विहारात पोचल्या. प्रदीपदादाने सगळं केलं, त्याचं मी कधी फेडू शकणार नाही. तोच एका सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "गुड्डी, भंगारवाला आला हाय चौकात. काकाचा तो डबा देऊन टाकू का? आता कोन लावते त्याले? काकूलेच धूळ पुसा लागीन." आई सुपात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गुड्डीले इचार. तिचा होय तो." मी दादाला म्हटलं, थांब जरा. मी प्लग लावला आणि बटण दाबलं.

लांब... लांब... लांब.

म्हणजे त्या दिवसापासून तो तसाच होता. पण बाबांनी हा दोष उभ्या आयुष्यात वीस वेळा तरी दुरुस्त केला असेल, मग याच वेळी का नाही? कंटाळले? की नुसतं माझ्याशी बोलायला म्हणून फोन केला होता? अकरा दिवस त्यांनी ते यंत्र तसंच का ठेवलं, हे मला त्या क्षणी इतर सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. मी प्लग काढला, वर्तमानपत्र पसरलं, डबा आडवा केला. झडपेला स्क्रू नव्हते, ती नुसती टेकवून ठेवलेली होती. आत धुळीचा कण नाही. रॅमची पट्टी खाचेत होती, तिचे सोनेरी दात इतके घासलेले की आरशासारखे झालेले. पण एक टोक खाली गेलेलं आणि दुसरं वर राहिलेलं. एकच चाप लागलेला. खाचेच्या आजूबाजूला हिरव्या पाटीवर बारीक बारीक ओरखडे होते, खूप. तळाशी खोडरबरचा चुरा आणि झिजून शेंगदाण्याएवढा उरलेला गुलाबी तुकडा.

आई सूप घेऊन दारात येऊन उभी होती. म्हणाली, "तीन दिस बसले होते त्याच्यापाशी. हात थांबतच नोते ना बाई."

"कुणाचे हात?"

"त्यायचे. उन्हाळ्यापासून कापत. कप धरला का सांडे. डॉक्टरनं गोया देल्ल्या, पन फरक नाई."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नोको सांगू म्हनत. गुड्डी उगीच धावत येईन म्हनत." तिने सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. "मीच म्हटलं पोरीले फोन करा, ते येऊन लावून देईन. केला त्यायनं फोन."

"मी काय म्हणाले ते सांगितलं त्यांनी?"

"सांगतलं ना. म्हने गुड्डी म्हनते तुमाले येते. आन मंग बसले तीन दिस."

आईच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, उलट थोडं कौतुकच होतं. ते मला अजून पेलत नाही. त्यांनी ते वाक्य कसं ऐकलं असेल, मुलीने झटकलं असं, की मुलीने भरवसा टाकला असं, हे मी आईला विचारलं नाही. विचारून तिला तरी काय सांगता आलं असतं... "माझे हात कापतात" हे तीन शब्द त्यांना मला सांगता आले नाहीत, म्हणून त्यांनी मशीनचा आवाज ऐकवला. आमच्याकडे दुसरी पद्धतच नव्हती. आणि मी, जिचं कामच लोकांच्या अडलेल्या यंत्रांचं ऐकणं आहे, मी मशीनचं तेवढं ऐकलं.

मी पट्टी काढली, पुसायची गरज नव्हती तरी एकदा पुसली, दोन्ही अंगठे ठेवले. टक. टक. प्लग लावून बटण दाबलं. एक छोटा आवाज.

"बोलला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती केव्हा आत गेली ते मला कळलं नव्हतं. प्रदीपदादाने फाटकातूनच भंगारवाल्याला जा म्हणून हात केला.

पडद्यावर तारीख विचारली गेली. बाबांच्या खुर्चीवर मी तशीच बसून राहिले. मग उठून कॅलेंडरपाशी गेले, कारण मलाही माहीत नव्हती. बाबा गेल्यापासून नऊ दिवस कुणी तिकडे पाहिलंच नव्हतं; महिना बदलला होता, पान जुनंच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी तुमसरहून ती बटणाएवढी बॅटरी आणली. आईला म्हटलं, ही घातली की तारीख भरायची कटकट संपेल. आईने ती हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "नोको घालू. मंग तो काईच इचारनार नाई." त्या यंत्राला तिने कधी हात लावलेला नव्हता. मी तिला प्लग दाखवला, बटण दाखवलं, तारखेचा पडदा उघडणारी, वरच्या ओळीतली डावीकडून दुसरी कळ दाखवली, आकडे कुठे भरायचे ते दाखवलं. ती सातवी शिकलेली आहे, आकड्यांची भीती नाही. पहिल्या दिवशी तिने महिन्याच्या जागी दिवस भरला, मशीन ऐकेना, तर म्हणाली, "तुह्या बापावानीच अडून बसते."

आता ती रोज सकाळी चहा झाला की कॅलेंडर पाहते आणि मशीन लावते. लावताना मला फोन करते. फार बोलत नाही. ती फोन डब्याला लावते, हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिने ते इतकी वर्षं पाहिलं आहे. मी सकाळची पाळी असली तर ऑफिसात असते, नसली तर खोलीवर. पहिले काही दिवस मला तो फोन नको वाटायचा. सगळं इतकं थकवणारं होतं, आणि त्यात रोज सकाळी पुन्हा तेच.

परवा तिला उशीर झाला, विहारात काहीतरी होतं. फोन आला तेव्हा मी कामावर होते आणि पडद्यावर कुणाचा तरी कॉल येऊन थांबला होता, लुकलुकत. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मोबाइल कानाला लावला. आधी आईच्या बांगड्या, मग बटणाचा खटका, मग पंखा फिरायला लागल्याचा आवाज. एवढ्या वेळात काहीही होऊ शकतं. मग तो एक छोटा आवाज आला.

"आयकला?" आईने विचारलं.

"आयकला," मी म्हटलं. "आता तारीख सांग त्याले."